चाच्यांच्या वकिलांना

२००७ साली आलेल्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’च्या तिसऱ्या भागात जगभरच्या चाच्यांच्या नऊ म्होरक्यांची सभा भरते. त्या नवांत एक फेटेवाला, दाढीवाला इसम बसलेला आहे. हिंदी महासागराचा चाचेसरदार, नाव श्री संभाजी. नाव कुणाच्या घरातून उचलले ते सांगायला नको. कान्होजी आंग्र्यांचे चिरंजीव, सेखोजींच्या मागून सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, झालेले संभाजी आंग्रे. मला त्या सिनेमावाल्यांचा फारसा राग आला नाही. करमणुकीचा धंदा आहे, मिळेल त्या रंगाने तो रंगवणार. राग आला तो आपल्याकडच्या कौतुकाचा. ‘बघा, हॉलिवूडने आपल्या आरमाराची दखल घेतली!’ दरोडेखोरांच्या पंगतीत पाट मांडला, त्यालाही आपण मान समजलो.

या कौतुकाच्या मागे आता एक विचारसरणीही उभी राहिली आहे. चाचा म्हणजे बंडखोर. तो साम्राज्यांना आणि धनदांडग्या कंपन्यांना लुटायचा. त्याच्या जहाजावर कप्तान मतांनी निवडला जायचा, लुटीची वाटणी ठरल्याप्रमाणे व्हायची, हातपाय गमावलेल्याला भरपाई मिळायची. आजचा सोमाली चाचा हा त्याचाच वारस. परदेशी ट्रॉलरांनी मासे पळवले म्हणून बंदूक उचललेला गरीब कोळी. आणि कान्होजी आंग्रे हे याच परंपरेतले आपले थोर नाव. ही मांडणी चांगली शिकली-सवरलेली माणसे करतात. मार्कस रेडिकरसारख्या अभ्यासू इतिहासकाराची पुस्तके हाताशी घेऊन करतात, म्हणून तिला हसून सोडून देता येत नाही. ती मला बहुतेक सगळी चुकीची वाटते, आणि जिथे बरोबर आहे तिथे अर्धीच सांगितलेली वाटते.

दुधनीत बसून समुद्राच्या गप्पा कशाला, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. अक्कलकोट तालुक्याच्या टोकाला, कर्नाटकाच्या वेशीवरचे आमचे गाव. इथून कोकणचा किनारा सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर. पाणी म्हटले की आम्हाला बोअर आठवते. पण डिसेंबर २०१० मध्ये जहाज कंपन्यांच्या संघटनांनी सोमाली चाच्यांच्या भीतीने ‘अतिजोखमीच्या क्षेत्रा’ची पूर्वेकडची हद्द ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत आणून ठेवली. भारताचा सगळा पश्चिम किनारा तिच्या आत आला. तीच रेघ गंमत म्हणून जमिनीवरून वर ओढली तर ती तेलंगणातून जाते, म्हणजे दुधनीसुद्धा तिच्या आतच पडते. ही हद्द ६५ अंशांवर मागे न्यायला डिसेंबर २०१५ उजाडला. पाच वर्षे मुंबईला येणारे जहाज कागदोपत्री चाच्यांच्या पाण्यातून येत होते, आणि त्या कागदाचे विम्याचे पैसे कुणीतरी भरत होते.

चाच्यांमुळे आपला काय तोटा, याचे उत्तर आमच्या मोंढ्यात तयार आहे. इथे तुरीवर गाव चालते. २०१६ साली भारताने मोझांबिकशी तूर आयातीचा करार केला, पहिल्या वर्षी एक लाख टन आणि पुढे दोन लाखांपर्यंत. तेव्हापासून आफ्रिकेची तूर बंदराला लागली की इथल्या लिलावात भाव उतरतो, अशी प्रत्येक शेतकऱ्याची तक्रार असते. तेव्हा एखादा अडत्या तंबाखू मळत म्हणेलच, ‘ती जहाजं चाच्यांनी नेली तर बरंच की, आपल्या तुरीला भाव येईल!’ विनोद म्हणून ठीक. पण त्याच समुद्रातून, जॉर्डनच्या अकाबा बंदरातून तांबडा समुद्र आणि एडनचे आखात ओलांडून पोटॅश आणि रॉक फॉस्फेटही येते, आणि खताच्या गोणीवर वाढलेला विमा वेगळा छापलेला नसतो.

पण पैशाचा हिशेब मला दुय्यम वाटतो. चाचा श्रीमंतांना लुटतो हे गृहीतकच आधी तपासले पाहिजे, आणि त्यासाठी एक जहाज पुरेसे आहे.

२८ सप्टेंबर २०१० रोजी ‘अॅस्फाल्ट व्हेंचर’ हे डांबर वाहणारे रिकामे जहाज मोंबासाहून दर्बानकडे जात असताना सोमाली चाच्यांनी पकडले. त्यावर पंधरा माणसे होती, पंधराही भारतीय. साडेसहा महिने बोलणी चालली. खंडणी ठरली, पोहोचली, मोजून घेतली गेली. १५ एप्रिल २०११ रोजी जहाज सोडले. मालकाची मालमत्ता मालकाला परत मिळाली. आणि पंधरांपैकी सात जणांना चाच्यांनी जहाजावरून उतरवून आत वाळवंटात नेले. कारण काय, तर भारतीय नौदलाने पकडलेले शंभराहून अधिक साथीदार आधी सोडा. त्या सातांनी ना कुणाचे मासे पळवले होते, ना कुणाला अटक केली होती. ते पगारावर काम करणारे लोक होते. सुटायला ऑक्टोबर २०१४ ची अखेर आली. चार वर्षे आणि एक महिना.

या घटनेत श्रीमंत कोण लुटला गेला? जहाज परत आले. जहाजाचा विमा असतो, युद्धजोखमीचा वेगळा असतो, माणसे ओलीस धरली गेली तर खंडणीसाठीही पॉलिसी निघते. सागरी व्यापाराचा एक जुना रिवाज आहे, ‘जनरल अॅव्हरेज’ म्हणतात त्याला. जहाज आणि माल वाचवण्यासाठी मुद्दाम सोसलेला खर्च जहाजमालक आणि मालाचे सगळे धनी आपापल्या हिश्श्याने वाटून घेतात, आणि खंडणी त्यातही बसवली गेली आहे. ही वाटणी आमच्या अडत्याला एका वाक्यात समजेल. म्हणजे मालकाचे नुकसान वाटले जाते, पुढच्या वर्षीच्या हप्त्यात मिसळते, मग भाड्यात, मग भावात. वाटून घेता येत नाही ते एकच: वाळवंटातली चार वर्षे. ती ज्याची त्यानेच भोगायची.

त्या काळात घरी पगार येत राहील याचीही खात्री नव्हती. ओलीस असेपर्यंत खलाशाचा करार आणि वेतन चालूच राहिले पाहिजे, ही सक्ती आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात दुरुस्ती होऊन लागू झाली ती २६ डिसेंबर २०२० रोजी. तोवर चांगला मालक द्यायचा, वाईट मालक द्यायचा नाही. मालक मुळात गायबच झाला तर काय होते हे ‘आइसबर्ग १’ने दाखवले. मार्च २०१० मध्ये पकडलेल्या त्या जहाजाच्या धन्याने हात वर केले. चोवीस जणांत सहा भारतीय होते. सोमालियातल्या पुंटलँडच्या सागरी पोलिसांनी २३ डिसेंबर २०१२ रोजी ते सोडवले तेव्हा जिवंत बावीस होते. एका येमेनी खलाशाने कैदेतच जीव दिला, एका भारतीय अधिकाऱ्याचा पत्ताच लागला नाही. सर्वांत गरीब मालकाचे, सर्वांत जुनाट, विमा नसलेले जहाज चाच्यांच्या हाती लागले की कैद लांबतच जाते. श्रीमंताला लुटून गरिबाला वाटणाऱ्याचा हा न्याय आहे.

दुधनीहून तुरीचा ट्रक निघाला, वाटेत टोळीने अडवला, मालकाने पैसे देऊन ट्रक सोडवला आणि ड्रायव्हर-क्लीनर मात्र चार वर्षे कुठल्या तरी रानात बांधून ठेवले, अशी घटना घडली तर त्या टोळीच्या टोप्या घालून आपण मुलांचे वाढदिवस करू का? समुद्र दूर आहे, एवढाच फरक. दुरून डोंगर साजरे, तसे दुरून दरोडेही साजरे दिसतात.

आता सोमाली कोळ्याची बाजू. ती खोटी नाही, आणि तिला बगल देऊन मला वाद जिंकायचा नाही. १९९१ मध्ये सियाद बारेची राजवट कोसळली, किनाऱ्याला धनी उरला नाही. परदेशी ट्रॉलर बिनदिक्कत आत शिरले. विषारी कचरा त्या समुद्रात टाकला गेल्याचे आरोप होतेच. २००४ च्या सुनामीनंतर अशा कचऱ्याचे डबे किनाऱ्याला लागल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने केली. किनाऱ्यावरच्या तरुणांनी बंदूक उचलून आधी ट्रॉलर अडवले, दंड वसूल केला, हेही घडले. इथपर्यंत मी त्या तरुणांच्या बाजूने उभा राहीन.

पण पुढे काय झाले? जून २००५ मध्ये याच चाच्यांनी ‘सेमलो’ हे जहाज पळवले. त्यात जागतिक अन्न कार्यक्रमाचा ८५० टन तांदूळ होता, आणि तो सोमालियातल्याच सुनामीग्रस्तांसाठी चालला होता. शंभराच्या आसपास दिवस तो अडकून पडला. स्वतःच्या उपाशी भावंडांचे ताट पळवणाऱ्याला किनाऱ्याचा राखणदार म्हणायचे असेल तर शब्दांना काही अर्थ उरत नाही. एप्रिल २०१० मध्ये ‘प्रांतलाय’ नावाची तीन थाई मासेमारी जहाजे एकदम धरली गेली, त्यांवर ७७ माणसे. थायलंड आणि म्यानमारचे खलाशी. म्हणजे तेही कोळीच, आणि जगातल्या अतिशय स्वस्त मजुरीवर राबणारे. त्या जहाजांना चाच्यांनी स्वतःची तळजहाजे केले आणि खलाशांना पुढच्या हल्ल्यांत वेठीला धरले. ‘प्रांतलाय १२’वरचे शेवटचे चौघे सुटले फेब्रुवारी २०१५ मध्ये, जवळजवळ पाच वर्षांनी. सहा जण आजाराने मधेच गेले.

आणि आपले कच्छ-सौराष्ट्रचे वहाणवाले. मांडवी आणि सलायाची वहाणे, म्हणजे लाकडी गलबते, पिढ्यान् पिढ्या सोमालियाला धान्य, साखर, सिमेंट पोहोचवतात. मोठी जहाजे ज्या बंदरांकडे फिरकत नाहीत तिथे हीच जातात. त्या देशाचे चूल-पाणी ज्यांच्या शिडावर चालते तीच चाच्यांनी लुटली, कारण ती संथ आणि बिनहत्यारी होती, आणि लांबच्या समुद्रात लपून जायला सोयीची होती. मार्च २०१० च्या अखेरीस अशी वहाणे एकामागून एक पळवली गेल्यावर नौवहन महासंचालनालयाने ओमानचे सलालाह ते मालदीवचे माले या रेषेच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला वहाणांना बंदीच घातली. चाच्याने एक वहाण धरले, सरकारी हुकमाने बाकीच्यांचा रोजगार धरला. कुणाविरुद्ध होते हे बंड?

टोळीच्या आतली लोकशाही हा आणखी एक लाडका मुद्दा. २०१३ मध्ये जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रांचा अमली पदार्थ व गुन्हेगारीविरोधी विभाग आणि इंटरपोल यांनी मिळून खंडणीच्या पैशाचा माग काढला. २००५ ते २०१२ या काळात सुमारे ३४ ते ४१ कोटी डॉलर वसूल झाले होते. प्रत्यक्ष दोर टाकून जहाजावर चढणाऱ्या, गोळी खाणाऱ्या पोराच्या वाट्याला खंडणीतला एक ते अडीच टक्के. मोठा वाटा भांडवल घालणाऱ्याचा. वर खाण्यापिण्याचे आणि ‘खात’ या नशेच्या पानांचे उधारखाते त्या पोराच्या हिश्श्यातून वळते. सावकार, मुकादम आणि उचल घेतलेला मजूर ही रचना सोलापूर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. ती बंडखोरांची पंचायत नसून नेहमीचाच धंदा आहे, फक्त माल जिवंत आहे.

जुन्या चाच्यांबद्दल बोलू, कारण वकिलांचा सगळा भर तिथे असतो. कप्तान निवडला जायचा, करारपत्र असायचे, भरपाई मिळायची, सगळे खरे. पण कुणाकुणात? बार्थोलोम्यू रॉबर्ट्स हा या लोकशाहीचा नामांकित पुरुष. जानेवारी १७२२ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या व्हिडा बंदरात त्याने गुलामवाहू जहाजांकडून खंडणी घेतली. ‘पॉर्क्युपाइन’च्या कप्तानाने ती नाकारली, म्हणून जहाज पेटवून दिले. आत सुमारे ८० गुलाम साखळदंडात होते. दोघे-दोघे एकमेकांना जखडलेले, आग किंवा शार्क यांतून एक निवडायचे, असे वर्णन कप्तान जॉन्सन या नावाने १७२४ मध्ये निघालेल्या चाच्यांच्या चरित्रग्रंथातच आहे. साखळ्या सोडवायला वेळ लागला असता, एवढेच कारण. मतदानाचा हक्क असलेल्या त्या जहाजावरून या ८० जणांचे मत कुणी घेतले नाही.

दुसरे नाव आपल्या अगदी दारातले. हेन्री एव्हरी. सप्टेंबर १६९५ मध्ये त्याने औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज सुरतेच्या वाटेवर लुटले. मक्केहून परतणारे यात्रेकरू त्यावर होते, बायका होत्या. लूट दिवसेंदिवस चालली, लपवलेल्या संपत्तीचा ठाव काढण्यासाठी माणसांचे हाल केले गेले, स्त्रियांवर अत्याचार झाले. काहींनी समुद्रात उड्या टाकल्या. मोगल काळचा इतिहासकार खाफीखान याने हे लिहून ठेवले आहे. बादशहाने सुरतेच्या वखारीतले इंग्रज कैदेत टाकले, काही चाचे पकडले गेले, त्यांतल्या सहांवर लंडनमध्ये खटला चालला, पाचांना फाशी झाली. एव्हरी मात्र निसटला. आणि १७१२ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांत, लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात त्याच्यावरून नायक बेतलेले नाटक लागले. त्यातला चाचा मादागास्करचा राजा आहे आणि मोगल राजकन्या त्याच्या प्रेमकथेत आहे. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांच्याच तोंडी प्रेम घालण्याचे हे काम तेव्हापासून चालू आहे. ‘पायरेट्स’मधला जॉनी डेप त्या मानाने अलीकडचा.

त्याच १७१२ साली मुंबईचे इंग्रज एका माणसाला चाचा ठरवत होते. कान्होजी आंग्रे. आपल्या घरच्या बलात्कारी दरोडेखोराला रंगभूमीवर राजा करायचे आणि कुलाब्याच्या सरखेलाला चाचा म्हणायचे, ही दोन्ही कामे एकाच व्यापारी वर्गाच्या सोयीची होती. आणि आज आपली मुले दोन्ही एकदम गिळतात: चाचा भारी, आणि आपला आंग्रे म्हणजे भारी चाचा.

कान्होजींना सरखेल हे पद छत्रपतींच्या दरबारातून मिळाले होते. १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहूंच्या बाजूला आले तेव्हा झालेला तह हा एका सत्तेने दुसरीशी केलेला तह आहे. किनाऱ्याने जाणाऱ्या व्यापारी गलबताने त्यांचे दस्तक घ्यावे, नसेल तर जप्ती, हा त्यांचा नियम. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून ‘कार्ताझ’ नावाने हेच करत होते, आणि इंग्रज स्वतःचे परवाने विकत होते. एका परवान्याला कायदा म्हणायचे आणि दुसऱ्याला चाचेगिरी, यातला फरक एवढाच की पहिला इंग्रजीत लिहिलेला होता. चाचा म्हणून ज्याला हिणवले त्याच्यावर १७१७ मध्ये विजयदुर्गाला, १७१८ मध्ये खांदेरीला आणि १७२१ मध्ये पोर्तुगिजांना सोबत घेऊन कुलाब्याला मोहीम काढावी लागली, आणि तिन्ही फसल्या. चाच्यांच्या टोळीवर कुणी दोन राज्यांची संयुक्त मोहीम काढत नाही.

इथे आपल्या बाजूचा भाबडेपणाही मला मान्य नाही. नोव्हेंबर १७१२ मध्ये कान्होजींच्या गलबतांनी मुंबईचा गव्हर्नर एझ्लबी याची नौका पकडली. त्या चकमकीत कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला, त्याची कोवळ्या वयाची पत्नी कैद झाली. फेब्रुवारी १७१३ मध्ये ३०,००० रुपये घेऊन तिला आणि इतरांना सोडले. त्या बाईच्या जागी उभे राहून पाहिले तर ‘अॅस्फाल्ट व्हेंचर’ची आठवण येते आणि यायलाच हवी. आंग्र्यांचे सैन्य सोवळे नव्हते, त्या काळी कुणाचेच नव्हते. पण एक फरक राहतोच. पैसे घेतल्यावर कैदी परत गेले, आणि त्याच वर्षी इंग्रजांशी तह झाला. दार ठोठावायला कुलाबा होता, शब्द पाळला नाही तर जाब विचारायला छत्रपतींचा दरबार होता. तहाने बांधता येतो तो शत्रू असतो. ज्याला कशानेच बांधता येत नाही, खंडणी घेऊनही जो सात माणसे ठेवून घेतो, तो चाचा.

या शब्दाचा वापर पुढे राजकारण म्हणून कसा झाला तेही विसरू नये. १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांना ‘चाचा’ म्हणून संपवायला वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले तेव्हा सोबत पेशव्यांचे सैन्य होते. मराठ्यांच्या आरमाराची होळी मराठ्यांच्या संमतीने झाली. १८१२ मध्ये चाचेगिरीच्या बंदोबस्ताच्या नावाखाली कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले ईस्ट इंडिया कंपनीने काढून घेतले. चाचा म्हटले की बंदर मिळते, हे कंपनीला उमगले होते. म्हणून ‘आमचा पायरेट लॉर्ड’ असे छाती फुगवून सांगणारा तरुण अभिमानाने बोलत असला तरी भाषा कंपनीच्या वकिलाची वापरतो. मुंबईतल्या नौदलाच्या तळाला १९५१ मध्ये ‘आंग्रे’ हे नाव दिले गेले ते चाच्याचे म्हणून नव्हे.

उलट बाजूचाही एक रम्य चित्रपट आहे, तोही पाहिला पाहिजे. नोव्हेंबर २००८ मध्ये आपल्या ‘तबर’ युद्धनौकेने एडनच्या आखातात चाच्यांचे तळजहाज बुडवल्याची बातमी आली. देशभर टाळ्या पडल्या. काही दिवसांनी कळले की ती चाच्यांनी पळवलेली थाई मासेमारी नौका होती, आणि तिचे खलाशी तिच्यावरच होते. सहा दिवस समुद्रात तरंगत राहिलेला एक जण वाचला. नौदलाने गोळीबार झाल्यावर प्रत्युत्तर दिले, हे खरे धरले तरी बुडाले कोण ते बदलत नाही. २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्यालगत ‘एन्रिका लेक्सी’वरच्या इटालियन सैनिकांनी दोन कोळ्यांना चाचे समजून मारले. चाच्याची भीतीसुद्धा शेवटी मासेमाराच्याच छातीत घुसते.

पकडलेल्यांचे काय होते, यातही कुठे सिनेमा नाही. १९९९ मध्ये ‘अलोंड्रा रेनबो’ हे जहाज ७,००० टन अॅल्युमिनियमसह इंडोनेशियाजवळ पळवले गेले. सतरा खलाशांना तराफ्यावर सोडून दिले. दहाएक दिवसांनी थाई कोळ्यांनी त्यांना उचलले. जहाजाचे नाव बदलून ‘मेगा रामा’ केले होते. तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ने आणि नौदलाच्या ‘प्रहार’ने ते अरबी समुद्रात गाठले. पंधरा जणांवर मुंबईत खटला चालला, २००३ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली, आणि २००५ मध्ये उच्च न्यायालयात ते सुटले. चाचेगिरी हा गुन्हा म्हणून लावायला आपल्याकडे स्वतंत्र कायदाच नव्हता. २०११ मध्ये तीन महिन्यांत १२० सोमाली पकडून मुंबईला आणले तेव्हाही नव्हता. खुनाचा प्रयत्न, शस्त्रास्त्र कायदा अशी जोडाजोड करून २०१७ मध्ये शिक्षा झाल्या. कायदा संसदेने केला डिसेंबर २०२२ मध्ये. त्यासाठी कुणी मोर्चा काढला नाही. चाच्यांच्या टोप्या मात्र तोवर प्रत्येक जत्रेत विकायला आल्या होत्या.

लहान मुलांच्या टोपीवर माझा दावा नाही. एक डोळा झाकून लाकडी तलवार फिरवणारे पोर उद्या जहाज पळवणार नाही. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये इंडोनेशियात आणि नेपाळमध्ये तरुणांनी ‘वन पीस’ या जपानी चित्रकथेतला गवती टोपीवाल्या कवटीचा झेंडा रस्त्यावर आणला, आमच्या स्टेशन रोडवरही एखाद्या मोटरसायकलवर त्याचा स्टिकर दिसतो. काठमांडूच्या त्या पोरांना भ्रष्ट सत्तेविरुद्ध एक झेंडा हवा होता, हाती लागला तो घेतला. त्यांच्याशी माझे भांडण नाही. भांडण सुरू होते ते त्या झेंड्याकडे बोट दाखवून ‘सोमाली पोरेही असेच बंडखोर’ असे कुणी लिहितो तेव्हा. काठमांडूच्या पोरांनी सरकारला अंगावर घेतले. सोमाली पोराने आपल्याइतक्याच गरीब, आपल्याइतक्याच कर्जात असलेल्या बर्मी खलाशाच्या कानशिलाला बंदूक लावली.

त्या सोमाली पोराची गरिबी मांडायची जागा आहे, आणि ती न्यायालयात आहे. १४ डिसेंबर २०२३ रोजी ‘रुएन’ हे जहाज पळवले गेले. अठरा खलाशांपैकी एक जखमी त्याच महिन्यात आपल्या नौदलाच्या ताब्यात आला, बाकीचे सतरा तीन महिने आत राहिले. १६ मार्च २०२४ रोजी भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर ‘कोलकाता’ युद्धनौकेने जहाज अडवले, हवाई दलाने विमानातून कमांडो समुद्रात उतरवले, सतराही जण सुखरूप सुटले आणि ३५ चाचे शरण आले. २३ मार्चला त्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या स्वाधीन केले. त्या पस्तिसांना वकील मिळायला हवा, चांगला मिळायला हवा. त्यांचा बुडालेला मासेमारीचा धंदा, त्यांना पुढे ढकलून मागे राहिलेला सावकार, सगळे त्याने न्यायाधीशांपुढे ठेवावे. त्या खटल्याच्या कागदांत ‘रुएन’वरच्या सतरा जणांचे तीन महिनेही असतील, आणि त्याला तेही वाचावे लागतील.